'झालं' कोणी म्हणायचं

त्या घरात 'झालं' हा शब्द उच्चारायला बंदी होती.

बाकी सगळं चालायचं. शिव्या चालायच्या, खोटं बोललेलं चालायचं, तोंडात घास असताना हसलेलंसुद्धा चालायचं. पण जेवण 'उरकायचं', आंघोळ 'आटपायची', म्हातारपण नुसतं 'यायचं' आणि लग्न 'लागायचं'. ते झालं असं कोणी म्हणत नसे. सून नवी होती तेव्हा एकदा स्टोव्हजवळून म्हणाली, "चहा झाला." घर चिडीचूप. सासऱ्याने बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, की चहा पुल्लिंगी आहे, तेव्हा ह्या वेळी सोडून देऊ.

घर मिठागरावरचं होतं. बांधावर पत्र्याची एक खोली, तिच्या समोर वाफे, वाफ्यांच्या पुढे आणखी वाफे, आणि त्यांच्याही पुढे जिथे जमीन संपून समुद्र सुरू व्हायला हवा तिथे नुसताच एक चकाकता पट्टा, ज्याला नक्की काय म्हणावं हे कोणी ठरवलेलं नव्हतं. खाडीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, ते तापलं की पुढच्या, आणखी दाट झालं की शेवटच्या वाफ्यांत सोडायचं. मग उन्हाने काम करायचं आणि माणसांनी वाट बघायची. वाट बघून बघून मीठ तळाशी बसलं, पिकलं, की घरातल्या एकाच माणसाने वाफ्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि म्हणायचं, 'झालं'. की सगळ्यांनी फावडी उचलायची. एकदा वाफ्यात पाय पडले की तळ ढवळतो आणि ढवळलेल्या तळावर मीठ पुन्हा धड बसत नाही. म्हणून तो शब्द परत घेता येत नसे. परत न घेता येणारी वस्तू घरात अशीतशी पडू देऊ नये, एवढाच त्या बंदीचा अर्थ.

वर्षानुवर्षं हा शब्द म्हाताऱ्याकडे होता. ह्या हंगामात म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी डोळ्यावर हिरवा पडदा बांधला आणि उन्हात पाय ठेवायचा नाही असं बजावलं. मिठागरावरच्या माणसाला उन्हात जाऊ नको म्हणणं म्हणजे माशाला ओला होऊ नको म्हणण्यासारखं होतं, पण म्हाताऱ्याने ऐकलं. दाराच्या आत खुर्ची टाकून बसला आणि मुलाला म्हणाला, "ह्या वर्षी तू म्हणायचं."

मुलाला सगळे 'हुशार' म्हणायचे.

हे नाव त्याला लहानपणी पडलं. पोरं पाण्याच्या चरावरून उड्या मारत होती. ह्याची पाळी आली तेव्हा ह्याने विचारलं, "खोल किती आहे?" कोणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात मागचा एकजण धावत आला, उडाला आणि पाय मोडून घेऊन बसला. मोठी माणसं जमली आणि ह्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, हा बघा, हा हुशार. तो हुशार होता म्हणून त्याने उडी मारली नाही, की उडी मारली नाही म्हणून तो हुशार ठरला, हे कोणी तपासलं नाही. त्याने स्वतःही नाही. पण तेव्हापासून त्याने उडी म्हणून मारली नाही. नाव टिकवायचं असतं.

तसा तो खरोखरच हुशार होता, हीच तर अडचण होती. दुसऱ्याला एक वाट दिसायची तिथे ह्याला पाच फाटे दिसायचे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला कोणीतरी पाय मोडून बसलेलं दिसायचं.

गेल्या हंगामात म्हातारा बोट चाटून तोंड उघडणार, एवढ्यात हुशारने त्याचा दंड धरला होता. "बाबा, आणखी थोडं थांबू. दाणा अजून वाढतोय." म्हातारा थांबला. दाणा वाढला. असा वाढला, की शेजारच्या मिठागरांवरून माणसं बघायला आली. मग अवकाळी पाऊसही बघायला आला. संध्याकाळपर्यंत वाफ्यांत नुसतं पाणी होतं आणि पाण्यात घरातल्या सगळ्यांची तोंडं दिसत होती.

तेव्हा मिठागराच्या मालकाचा मुकादम येऊन बांधावर उभा राहिला होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या मोपेडचा आवाज वाईट होता. म्हणाला, "मालक म्हणतात, एक वर्ष समजू शकतो. पुढच्या वर्षीही रास दिसली नाही, तर वाफे दुसऱ्या घराला. दगडाच्या खाणीत माणसं हवी आहेत, तिकडे सांगून ठेवतो." बोलून त्याने मोपेडला लाथ मारली. ती सुरू होईना. शेवटी घरातल्या सगळ्यांनीच त्याला ढकलून दिलं.

तेव्हा ह्या वर्षी गोष्ट सोपी होती. रास दिसली तर वाफे, नाहीतर खाण.

*

हुशार रोज सकाळी वाफ्यात बोट घालायचा. जिभेला लावायचा. आकाशाकडे बघायचा. मग म्हणायचा, "अजून थोडं."

त्याच्या मागे बायको उभी असायची, तिच्या मागे बहीण. बहिणीला धाकटी म्हणत. ती आधी करायची आणि मग काय केलं ते विचारायची. फावडं खांद्यावर टाकून, पोटऱ्यांना तेल चोपडून ती रोज तयार असायची, आणि रोज 'अजून थोडं' ऐकून फावडं भिंतीला टेकवायची. त्या लांब दांड्याच्या लाकडी फावड्यांनी पत्र्यावर एक पोचा पाडला होता.

"दादा, थोडं म्हणजे किती ते एकदा सांग. मी तेवढ्यात माहेरपण करून येते."

"तुझं लग्न कुठे लागलंय?"

"तेही लागेल तेवढ्यात."

काम नव्हतं असं नाही. बांधाला खेकडे भोकं पाडत, ती चिखलाने बुजवायची. मागच्या तळ्यातून पाणी सोडायचं, पण बेताने. दिवसभर मिठाच्या पाण्यात उभं राहून पायांच्या भेगा अशा उलायच्या, की बायको म्हणायची, माझ्या टाचेत आता भाडेकरू ठेवता येईल. उन्हाने डोळे आतून खरवडल्यासारखे व्हायचे. दुपारी सगळं इतकं पांढरं व्हायचं, की माणूस आपली सावली जपून वापरायचा. लांबच्या बांधावरून चालणाऱ्या लोकांचे पाय त्या झगझगाटात विरघळून जायचे आणि नुसती धडं तरंगत यायची. जवळ आली की त्यांना पाय फुटायचे आणि ती म्हणायची, "काय हुशार, काढलं का?"

"अजून थोडं."

"तू आहेस म्हणजे विचार करूनच करणार." आणि धडं पुढे जायची, पाय सोडून.

खोलीतही मीठच होतं. दाराच्या बिजागऱ्या मिठाने खाल्लेल्या, काड्यापेटी ओली, आरशावर पांढरी साय. हुशार दुपारी जमिनीवर पडायचा आणि डोळा लागायचा. स्वप्नात मिठाचे दाणे वर्गातल्या पोरांसारखे रांगेत बसलेले असायचे. एक दाणा हात वर करायचा. "सर, मी जाऊ?" "कुठे?" "बाहेर." "बाहेर काय आहे माहीत आहे?" "नाही." "मग बस." दाणा बसायचा. हळूहळू सगळा वर्ग झोपायचा आणि खिडकीतून पाणी आत यायचं, अगदी संथ, आणि कोणीच ओरडायचं नाही. तो जागा व्हायचा तेव्हा घामाने त्याची पाठ जमिनीला चिकटलेली असायची आणि जमिनीवर माणसाच्या आकाराचं मीठ उमटलेलं असायचं.

अशाच एका दुपारी त्याने म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं कळायचं?"

"काय?"

"कधी म्हणायचं ते."

म्हाताऱ्याने हिरव्या पडद्याखालून आवाजाच्या दिशेने मान वळवली. "खरं सांगू?"

"हो."

"कंटाळा यायचा."

"कंटाळा?"

"रोज तेच बोट, तेच पाणी. एक दिवस मन म्हणायचं, पुरे आता. की म्हणायचो. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची काय छाती आहे. मी म्हणायचो, असेल."

"आणि चुकायचं नाही?"

"चुकायचं की. चुकलं की सांगायचो, ह्या वर्षी पाणीच तसलं होतं."

ज्या धाडसाच्या सावलीत हुशार लहानाचा मोठा झाला ते नुसती जांभई निघालं होतं.

"मला कंटाळा येत नाही," तो म्हणाला.

"तेच तर तुझं दुखणं आहे. विचार करणाऱ्याला कंटाळा कसला येतोय? आत आपला बिनतिकिटाचा सिनेमा चालू असतो."

बायको कोपऱ्यात बसून पायाला तेल चोळत होती. वर न बघता म्हणाली, "आणि सिनेमात रोज आपणच मरतो."

"मी घाबरत नाही," हुशार म्हणाला.

"मी कुठे म्हटलं घाबरता? घाबरायला कारणं तेवढी छान सुचतात तुम्हाला."

कारणं होतीच. आज ओढलं तर दाणा बारीक, मुकादम म्हणणार हे मीठ की पीठ. उशीर केला तर वाफ्यातलं पाणी कडू व्हायला लागतं आणि तो कडूपणा मिठात उतरतो. असं मीठ मालक घेत नाही. त्यात पाऊस आला तर कडूही नाही न् गोडही नाही. शिवाय बांध फुटू शकत होता, पक्ष्यांचा थवा वाफ्यात उतरू शकत होता, मुकादमाचं लग्न निघून नेमका त्या आठवड्यात तो गायब होऊ शकत होता. हुशार ह्या सगळ्यांचा समान विचार करायचा. कोणावर अन्याय नको.

*

त्या सकाळी पाणी अगदी हलत नव्हतं. वाफ्यांत आकाश इतकं नीट उतरलं होतं, की बांध म्हणजे निळ्यात ओढलेल्या तपकिरी रेघा वाटत होत्या आणि रेघेवरून चालणारा माणूस दोन आकाशांच्या मधून चालल्यासारखा दिसत होता. हुशारने बोट बुडवलं, जिभेला लावलं. खारट. कालच्यासारखं खारट की जरा वेगळं, ह्याचा विचार करता करता चव निघून गेली. त्याने वर बघितलं.

पश्चिमेला एक ढग होता. लहान, उशीएवढा. गेल्या वर्षीचाही आधी एवढाच होता.

हुशारच्या आत सगळे फाटे एकदम दिसले, सगळ्या फाट्यांवर पाणी दिसलं, पाण्यापलीकडे दगडाची खाण दिसली, आणि त्याच्या छातीतून एक सुस्कारा निघाला. कुठलाही मराठी माणूस बस डोळ्यांदेखत सुटली, दूध उतू गेलं, पाहुणे दारात दिसले की जे म्हणतो ते त्या सुस्काऱ्याबरोबर बाहेर पडलं.

"झालं."

क्षणभर काहीच झालं नाही. मग मागून फावडं पाण्यात पडल्याचा चुबुक् असा आवाज आला. बायको वाफ्यात उतरली होती.

"ऐकलंत का मामंजी," तिने खोलीकडे तोंड करून आवाज दिला, "म्हणाले हो."

"म्हणाला?" म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. "बोट घालून?"

"बोट घालून."

"मग बघता काय."

धाकटीने पुढचं ऐकलंच नाही. ती पलीकडच्या वाफ्यात गुडघाभर जोरात घुसली आणि आकाशाचे तुकडे तुकडे झाले.

हुशार बांधावर उभा होता. तोंड उघडं. त्याला सांगायचं होतं, की थांबा, ते ते नव्हतं. पण बायकोने तोवर पहिला पट्टा ओढलाही होता. तळातला चिखल पाण्यात धूर सोडत वर येत होता. ढवळलं ते ढवळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून उडी मारली गेली होती, आणि तो अजून चराच्या अलीकडेच उभा होता.

त्याने फावडं उचललं. दुसरं काय करणार?

मीठ ओढणं हे विचार करण्याचं काम नाही. दांडा काखेत दाबायचा, फळी तळाला टेकवायची, आणि चार पावलं मागे यायचं. ओलं मीठ कुरकुरत मागे येतं, बांधाला लागतं, पाणी निथळतं. पुन्हा पुढे. हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या, त्यांच्या खाली जुने फोड फुटून त्यात खारं पाणी शिरलं की माणूस दात आवळतो आणि पुढचा पट्टा ओढतो. कमरेत एक दोरी हळूहळू पीळ घेत जाते. ऊन वरून आणि पाण्यावरून, दोन्हीकडून लागतं, आणि थोड्या वेळाने कुठलं खरं ते कळेनासं होतं. हुशारला वाटलं, आपण झोपेतच आहोत आणि वर्गातले दाणे एकेक करून दाराबाहेर चालले आहेत, आणि आपण त्यांना काहीच विचारत नाही आहोत.

मग शेजारून खोकला ऐकू आला.

शेजारच्या वाफ्यांवरच्या माणसाला खोकल्या म्हणत. तो बोलण्याआधी खोकायचा, बोलून संपलं की पुन्हा खोकायचा, त्यामुळे त्याचं वाक्य कुठे सुरू न् कुठे संपलं ते सगळ्यांना कळायचं. त्याच्या मोबाइलवर हवामान दिसायचं, पण ते कुठल्या तरी लांबच्या गावाचं. बदलायचं कसं ते त्याला माहीत नव्हतं आणि बदलायचंही नव्हतं. तिथली हवा चांगली असते, म्हणायचा.

"हुशारने काढलं?" तो खोकून म्हणाला. "हुशारने काढलं म्हणजे काहीतरी कळलं असणार." खोकला. आणि तो स्वतःच्या वाफ्यात उतरला.

त्याला बघून पलीकडचे उतरले. त्यांना बघून त्यांच्या पलीकडचे. चकाकत्या पट्ट्यापर्यंत जिकडे तिकडे माणसं वाकलेली दिसायला लागली, अर्धी पाण्यात विरघळलेली, आणि सगळीकडून फळ्या घासल्याचा तो एकसुरी आवाज येऊ लागला, जणू सगळं मिठागर झोपेत दात खात होतं. एका माणसाने सुस्कारा सोडला होता आणि त्यावर एवढे सगळे घाम गाळत होते.

*

सूर्य डोक्यावर आला तेव्हा ढग नव्हता.

गेला म्हणून कोणाला दिसला नाही. नुसता नव्हता. आकाश धुतल्या ताटासारखं कोरं. फळ्यांचा आवाज हळूहळू थांबला आणि एकेक माणूस कमरेवर हात ठेवून आधी वर आणि मग हुशारकडे बघायला लागला.

हुशारच्या घरचे अर्धे वाफे ओढून झाले होते. अर्धे तसेच होते. धाकटी धापा टाकत म्हणाली, "दादा, थांबायचं का? राहिलेलं वाढू दे म्हणतोस का?"

तो बायकोकडे गेला. ती बांधाच्या कडेला वाकून मिठाचा ढीग थापटत होती.

"ऐक," तो हळू म्हणाला. "सकाळी मी जे म्हटलं ना, ते ते नव्हतं."

"काय नव्हतं?"

"ते 'झालं' नव्हतं. ते नुसतं झालं होतं. वैतागाचं. झालं म्हणजे संपलं, म्हणजे मेलो आता."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वैतागाचं होतं ते. तुमचा वैताग मला ओळखू येत नाही होय? त्याच्यावर तर संसार चाललाय."

"मग फावडं का टाकलंस पाण्यात?"

बायको उभी राहिली. तोंडावरून मनगट फिरवलं तसं कपाळावर मिठाचा एक पट्टा उमटला. "कारण दुसरं तुमच्या तोंडून निघणार नव्हतं. किती दिवस वाट बघतेय, कुठल्या का अर्थाने असेना, पण एकदा म्हणा. परवा तुमचा पाय घसरला तेव्हा वाटलं आता म्हणाल. तर तुम्ही 'अरेच्चा' म्हणालात."

"पण मीठ? मीठ बघितलं होतंस?"

"रोज बघते. तुम्ही बोट घालून गेलात की मागून मीही घालते. आज तुम्ही आकाशाकडे बघत होतात तेव्हाच घातलं, तर जरा कडवट लागल्यासारखं वाटलं."

"कडवट होतं?"

"वाटलं म्हणतेय. वाटलं एवढंच."

"आणि तेवढ्यावर?"

"तेवढ्यावर."

"आणि चुकलं असतं तर?"

"तर खाणीत गेलो असतो आणि जन्मभर तुम्ही मला ऐकवलं असतं. मामंजींनी ऐकवलं असतं, वन्संनी ऐकवलं असतं, ह्या खोकल्याने खोकून खोकून ऐकवलं असतं. मला दिसत नाही का? तुमच्याइतकंच दिसतं मला. दिसल्यावर माझा हात हलतो, एवढंच." मग तिने चिंधी दाताने घट्ट केली. "आता अर्धं राहिलंय. पुढचं मी नाही ढकलणार. ते तुम्ही बघा."

हुशारने राहिलेल्या वाफ्याकडे बघितलं. पाणी स्थिर होतं. तळाशी मीठ पांढऱ्या गालिच्यासारखं पसरलं होतं. फाटे होतेच, ते कुठे जाणार. एका फाट्यावर ऊन राहणार होतं आणि दाणा वाढणार होता आणि सगळे त्याला हसणार होते. एका फाट्यावर पाऊस होता. त्याने सगळे नीट बघून घेतले, घाई न करता, ओळखीच्या माणसांना बघावं तसे. मग खाली वाकला, बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. ह्या वेळी चव घेताना त्याने फक्त चव घेतली. खारट. त्याच्या मागे, जिभेच्या मुळाशी, काहीतरी. होतं की नव्हतं? होतं असं वाटलं.

खोकल्या बांधावरून येत होता. मागे आणखी चारपाच जण. "हुशार, ढग तर गेला की रे. आता काय, ओढू का थांबू?" खोकला. "तू म्हणशील तसं."

हीच वेळ होती. सगळ्यांना 'ओढा' म्हटलं असतं तर काही बिघडत नव्हतं. चुकलं असतं तर सगळ्यांचंच चुकलं असतं, आणि सगळ्यांचं चुकतं तेव्हा कोणाचंच चुकत नाही, पाणीच तसलं असतं. हुशार एवढा हुशार होता, की हेही त्याला लख्ख दिसलं.

"तुमचं अजून व्हायचंय," तो म्हणाला. "तुम्ही पाणी उशिरा सोडलंत. थांबा तुम्ही."

"आणि तू?"

"मी ओढतोय."

"म्हणजे आम्ही थांबायचं आणि तू ओढायचं? आणि ऊन पडलं तर?"

"तर तुमचं वाढेल, माझं बारीक राहील."

"आणि पाऊस आला तर?"

"तर माझं राहील. तुमचं जाईल."

खोकल्या ह्यावर बराच वेळ खोकला. त्याला हे दोन्ही आवडलं नव्हतं. "अरे, मग आम्ही तुझ्या भरवशावर उतरलो त्याचं काय? माझा एक वाफा ढवळून बसलाय."

"त्याचं मीठ माझ्या राशीतून घेऊन जा."

"तुझं पीठ घेऊन मी काय करू?"

"पोळ्या कर," धाकटी म्हणाली.

लोक हसले. हसताना त्यांनी हुशारकडे असं बघितलं, जसं लहानपणी पाय मोडलेल्या पोराकडे बघितलं होतं. ती नजर त्याला ओळखू आली. फक्त आजवर ती कधी आपल्यावर पडली नव्हती. ती पडली तरी काहीच वाटत नाही, ह्याचंच त्याला नवल वाटलं.

तो घराकडे वळला आणि म्हाताऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, एकेक अक्षर नीट सुटं करून म्हणाला, "झालं."

दाराआडून आवाज आला, "सकाळी म्हणाला होतास की. कितीदा म्हणतोस?"

"सकाळचं वेगळं होतं, बाबा."

"वेगळं कसं? शब्द तोच."

"तुम्ही झोपा."

आणि तो वाफ्यात उतरला. उन्हं कलेपर्यंत तिघं ओढत राहिली. शेजारी कोणी नव्हतं, नुसती त्यांची तीन फावडी घासत होती, आणि मधूनच बांधावर बसलेल्यांपैकी कोणीतरी काहीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. हुशारची कंबर मोडून आली होती. तळव्याची सालं चिंधीला चिकटली होती. शेवटचा पट्टा ओढून तो सरळ झाला तेव्हा समोर रिकाम्या वाफ्यात गढूळ पाणी होतं, आणि त्यात काहीही नीट दिसत नव्हतं. कित्येक दिवसांत त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

*

पाऊस आला नाही.

दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही. ऊन असं पडत राहिलं, की जणू खोकल्याच्या मोबाइलमधल्या गावाची हवा इकडे यायला निघाली होती. टोपल्या डोक्यावर घेऊन तिघांनी मीठ वाहिलं, मोठी रास केली, तिच्यावर ताडपत्री घातली. मिठाचं पाणी टोपलीतून केसांत, केसांतून मानेवर, मानेवरून पाठीत उतरायचं आणि वाटेतच वाळायचं. संध्याकाळी धाकटीची पाठ खडूने रंगवल्यासारखी दिसायची. खोकल्या रोज यायचा आणि आपला दाणा किती मोठा झाला ते बोटांनी दाखवायचा. बोटांमधलं अंतर रोज वाढत होतं. मीठ तेवढं वाढत होतं का, हे बोटांनाच माहीत.

"वाढतंय बाबा, वाढतंय," खोकून म्हणायचा.

"कडू लागतंय का बघ," हुशार सांगायचा.

"चव कोण बघतोय? आकार बघ."

शेवटी मुकादमाची मोपेड ऐकू आली. ती येताना दिसायची त्याच्या फार आधी ऐकू यायची, आणि दिसायला लागल्यावरही बराच वेळ चाकांशिवाय हवेतून येत राहायची. मुकादम उतरला. राशीभोवती एक फेरी मारली. ताडपत्रीचं टोक वर केलं, मूठभर मीठ घेतलं, तळहातावर पसरलं, बोटाने फिरवलं, जिभेवर ठेवलं. हुशारच्या घरातली सगळी माणसं त्या जिभेकडे बघत उभी होती. म्हाताराही दारात येऊन उभा होता, पडदा बाजूला करून, डॉक्टरांना न विचारता.

"कवळं आहे," मुकादम म्हणाला.

धाकटीने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

मुकादमाने हात झटकला, पुन्हा एकदा राशीकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "पण आहे," तो म्हणाला. "गेल्या वर्षी पिकलेलं होतं, पण नव्हतं."

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काय. आहे ते आहे. मालकांना सांगतो, रास बघितली." त्याने ताडपत्री नीट खाली ओढली, वर दगडही ठेवला. "राहा तुम्ही इथेच. खाणवाल्याला मी दुसरं कोणीतरी बघून देतो."

म्हातारा दाराच्या चौकटीला धरून खुर्चीवर बसला.

मुकादमाने मोपेडकडे जाता जाता विचारलं, "पुढच्या हंगामाला शब्द कोणाकडे? म्हातारबुवांचा डोळा तोवर बरा होईल की."

"मला नको," म्हातारा आतून म्हणाला. "मला आत्ताच कंटाळा आलाय."

"मग तुझ्याकडेच?" मुकादमाने हुशारला विचारलं.

हुशारने बायकोकडे बघितलं. ती टोपली घेऊन वाकली होती, उरलंसुरलं मीठ हाताने गोळा करत. तो म्हणाला, "अर्धा माझ्याकडे, अर्धा हिच्याकडे."

"अर्धा शब्द? तो कसा काय म्हणणार?"

"'झा' मी म्हणेन. 'लं' ती म्हणेल."

मुकादम हे ऐकून मोपेडला लाथ मारायची विसरला. त्याने आयुष्यात पुष्कळ घरं बघितली होती, पण शब्दाचे वाटे पडलेले बघितले नव्हते. "आणि तू 'झा' म्हटल्यावर तुमचं दोघांचं मधेच वाजलं तर?"

बायकोने टोपलीची एक कड उचलली आणि दुसरी धरायला नवऱ्याला मानेने खुणावलं.

"तर तेवढ्यात मीठ पिकेल," ती म्हणाली.